डिलिव्हरीच्या टायमाले संडास झाली तं?

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी असते, २०१६ पासून हे सुरू आहे, आणि त्या दिवशी आमच्याकडे बसायला जागा नसते. पोरी लाईनीत बसून बरंच काही विचारतात. सोनोग्राफी कधी, रक्त किती भरलं, लोहाच्या गोळीनं संडास काळी होते तर चालते का. (चालते, लोहामुळेच होते ती.) पण एक प्रश्न लाईनीत कोणीच विचारत नाही. सगळ्या गेल्यावर एखादी पोरगी चपला घालता घालता परत वळते, ओढणी तोंडाशी धरते आणि म्हणते, "म्याडम, त्या टायमाले संडास होते म्हंतेत, खरं हाय का?"

खरं आहे. पुष्कळ जणींना होते. लघवी जाते, गॅस सुटतो, उलटी होते, आणि हे सगळं चारपाच माणसांसमोर होतं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लेबर रूमला काम करते, तिथं या गोष्टीची कोणी नोंदही घेत नाही, पण आमच्यासाठी ते रोजचं असलं तरी तुमच्यासाठी नसतं हेही समजतं. नुसतं "लाजू नको" म्हटल्यानं कोणाची लाज गेलेली मी पाहिली नाही. का होतं ते समजलं तर निदान निम्मी जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुळात होते कशामुळे

कमरेच्या आत हाडांचं एक कडं असतं. त्या कड्यातून तीन वाटा खाली उतरतात, पुढं लघवीची पिशवी आणि तिची नळी, मधे बाळ यायची वाट, आणि तिला अगदी चिकटून मागं गुदाशय, म्हणजे संडास साठते तो आतडीचा शेवटचा भाग. मधल्या आणि मागच्या वाटेत फक्त एक पातळ पडदा असतो. आता गावातल्या अरुंद बोळीतून कापसानं ठासून भरलेली ट्रॉली जाते तेव्हा काय होतं ते आठवा, दोन्हीकडच्या ओट्यावर जे काय ठेवलं असेल ते घासत, ढकलत पुढं जातं. बाळाचं डोकं साधारण साडेनऊ सेंटीमीटर रुंद असतं. ते खाली उतरताना पुढची पिशवी दाबली जाते, मागचं गुदाशय चपटं होतं, आणि तिथं जे असेल ते बाहेर पडतं. पुढं लघवी, मागं संडास. त्यात तुमच्या ताब्यात काहीच नसतं.

दुसरी गोष्ट अशी की बाळ बाहेर ढकलायला आणि संडास करायला शरीराकडे वेगवेगळे स्नायू नाहीत. पोटाचे तेच, खालचे तेच. म्हणून तर आम्ही लेबर रूममधे ओरडून सांगतो, "संडासले बसल्यासारखा जोर लाव!" गळ्यातून जोर लावला की फक्त तोंड लाल होतं, बाळ जागचं हलत नाही. जोर बरोबर खाली लागला की संडास यायचीच, मागं काही असेल तर.

तिसरी गोष्ट, कळा सुरू व्हायच्या आधी एखादा दिवस बऱ्याच जणींना पातळ संडास होते. ज्या रसायनांमुळे गर्भपिशवी आवळायला लागते त्याचा असर आतड्यांवरही होतो. म्हणून पुष्कळ वेळा त्या वेळेपर्यंत पोट बऱ्यापैकी रिकामंच झालेलं असतं, आणि निघालीच तर थोडीशी निघते. खूप जणींना तर समजतही नाही. डोकं खाली टेकलं की तिथं इतका दाब असतो की काय निघालं आणि काय नाही यातला फरक कळत नाही, आणि सिस्टर सांगत नाही. सांगायचं काय त्यात.

निघाली की आम्ही काय करतो

हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. टेबलावर तुमच्या खाली रबरी शीट असते, तिच्यावर पॅड. बाळाचं डोकं दिसायला लागलं की सिस्टर एका हाताने निर्जंतुक पॅड खालच्या जागेवर दाबून धरते, कातडी फाटू नये म्हणून, आणि त्याच पॅडखाली संडासची जागा झाकलेली असते. काही निघालं तर गॉजने मागच्या बाजूला पुसून घ्यायचं, पॅड बदलायचा, गरज असेल तर ग्लोव्ह बदलायचे. यात एक कळ पण जात नाही. त्या वेळी आमचं सगळं लक्ष बाळाच्या ठोक्यांवर आणि डोक्यावर असतं, खरं सांगते, बाकी काही डोळ्यांना दिसतच नाही.

रोखून धरलं तर काय बिघडतं

खरा त्रास इथं आहे. एक पोरगी आठवते, पहिलटकरीण, गर्भपिशवीचं तोंड पूर्ण म्हणजे १० सेंटीमीटर उघडलेलं, बाळाचे ठोके छान, सगळं जागच्या जागी, पण प्रत्येक कळेला ती अर्ध्यातच जोर सोडायची आणि मांड्या आवळून घ्यायची. आम्हाला वाटलं थकली. ग्लुकोजचं पाणी दिलं, पाठ चोळली. मग तिची माय कानाशी वाकली तेव्हा ती रडत रडत म्हणाली, "माय, संडास येऊन रायली वो, मी जाऊन येतो ना आधी." माय म्हणाली, "अवं तेच तं पाह्यजे बाई, होऊ दे!" पुढच्या कळेला तिनं पहिल्यांदा पूर्ण जोर लावला, आणि मग फार वेळ लागला नाही.

पूर्ण तोंड उघडल्यापासून बाळ येईपर्यंत पहिल्या खेपेला साधारण तीन तासांपर्यंत आणि पुढच्या खेपांना दोन तासांपर्यंत वेळ लागणं साधारण धरतात. हा वेळ लाजेपायी वाढवायचा नसतो. आई थकते, बाळ दाबात जास्त वेळ राहतं, मग चिमटा लावा, रेफर करा हे सुरू होतं. शिवाय माणूस घाबरला किंवा संकोचला की अंगात अॅड्रेनालीन नावाचं रसायन सुटतं, धावायच्या किंवा भांडायच्या वेळी सुटतं तेच, आणि त्यामुळे कळा मंद पडू शकतात. घरी जोरात येत असलेल्या कळा दवाखान्याच्या दारात आल्यावर थांबल्या असं म्हाताऱ्या बाया सांगतात ना, ते उगीच नाही.

अचानक संडास लागली तर जायचं का नाही

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण इथं जीवाचा संबंध आहे. कळा सुरू असताना, किंवा नववा महिना लागल्यावर कधीही, एकदम जोराची संडास लागल्यासारखं झालं, आणि तो दाब कळेबरोबर येतो, कळेबरोबर जातो, तर ती संडास नसू शकते. ते बाळाचं डोकं असू शकतं. दोन्हीचा दाब एकाच जागी पडतो म्हणून शरीराला फरक कळत नाही. ज्यांची दुसरी-तिसरी खेप आहे त्यांचं तर फारच पटकन होतं.

आपल्या गावात संडास घराच्या मागं, अंगणाच्या टोकाला, कुठं कुठं अजूनही डबा घेऊन बाहेर. रात्री सासूला कशाला उठवा म्हणून बाई एकटी जाते, आणि तिथंच डिलिव्हरी होते. भांड्यात किंवा फरशीवर बाळ पडतं. अशी बाळं आमच्याकडे फडक्यात गुंडाळून आलेली आहेत. त्यामुळे नववा लागल्यावर एकटं जायचं नाही, कडी आतून लावायची नाही, आणि कळा चालू असतील तर आधी घरच्या बाईला सांगायचं आणि गाडी बोलवायची. १०२ ची गाडी गरोदर बायांसाठी फुकट आहे, घरून दवाखान्यात आणि परत घरी, आणि एकदम अडचण असली तर १०८. पावसाळ्यात भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो, तसल्या दूरच्या भागांसाठी गडचिरोली आणि मेळघाटात काही आरोग्य केंद्रांजवळ माहेरघर केलेलं आहे, तारखेच्या काही दिवस आधी येऊन राहायचं. लाजायचं तर नाहीच पण "आता हिला परत लागली" असं सासूनं म्हणायचंही नाही.

दवाखान्यात आलात तरी तेच. संडासला जायच्या आधी सिस्टरला सांगा, ती आधी तपासेल. ती नाही म्हणाली तर छळ म्हणून नाही म्हणत.

मग आधीच एनिमा देऊन पोट साफ का नाही करत

पूर्वी करायचे. तुमच्या सासूला विचारा, एनिमा आणि ब्लेडने केस काढणं, दोन्ही तिच्या आठवणीत असेल. एनिमा म्हणजे मागच्या जागेतून पाणी किंवा औषध सोडून पोट रिकामं करणं. नंतर मोठमोठ्या अभ्यासांत पाहिलं तर त्याने इन्फेक्शन कमी होत नाही, डिलिव्हरी लवकर होत नाही. उलट पाणी आत राहिलं की नंतर पातळ निघतं, आणि पातळ पुसायला जास्त कठीण. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत सरसकट एनिमा नको, सरसकट केस काढणं नको असं सांगितलंय. ब्लेडने बारीक कापतं आणि तिथूनच जंतू शिरतात. केस असले तर असू द्या, आम्हाला काही अडत नाही.

घरी एरंडेल पिऊन येणाऱ्याही असतात. ते करू नका. हगवण लागते, अंगातलं पाणी जातं, आणि कळा सुरू व्हायच्या आधीच बाई गळून जाते. उपाशी राहणं हाही उपाय नाही. कळा म्हणजे दिवसभर शेतात राबण्याइतकं काम आहे, त्याला ताकद लागते. डॉक्टरांनी काही नको म्हणून सांगितलं नसेल तर कळा मंद असताना पेज, चहा-बिस्किट, पाणी घेत राहायचं.

करायचंच असेल तर आठव्या-नवव्या महिन्यात पोट कडक होऊ देऊ नका. गरोदरपणात आतडी तशीही हळू चालते, त्यात लोहाची गोळी. गोळी बंद करायची नाही, पाणी वाढवायचं, ज्वारीची भाकर, अंबाडीची किंवा कोणतीही पालेभाजी, जमलं तर पेरू. तरी नाही झालं तर सिस्टरला सांगा, चालणारं औषध आहे.

बाळाला घाण लागली तर इन्फेक्शन नाही का होणार

म्हाताऱ्या बायांचा हा मुख्य आक्षेप असतो. थोडीशी संडास निघाली आणि लगेच पुसली तर त्याने बाळाला सहसा काही होत नाही. निसर्गानं या दोन वाटा शेजारीच ठेवल्यात. बाळाच्या पोटात जे पहिले कामाचे जंतू जातात ते बरेचसे आईकडूनच, तिच्या आतड्यातले पण, मिळतात. याचा अर्थ मुद्दाम काही करायचं असा नाही, स्वच्छता ती स्वच्छताच.

आणि इन्फेक्शनची इतकीच काळजी असेल तर नाळेला काही लावू नका. टेबलावर घाण झाली म्हणून नाक मुरडणारी आजी घरी जाऊन नाळेवर राख नाहीतर शेण लावते. धनुर्वात त्याने होतो. नाळ कोरडी ठेवायची, बस्स, आणि गरोदरपणातली धनुर्वाताची इंजेक्शनं चुकवायची नाहीत.

लघवी गेली का पाणी गेलं

शेवटच्या महिन्यात शिंकलं, हसलं, घागर उचलली की लघवीचे थेंब जातात, बाळाचा भार पिशवीवर असतो म्हणून. आणि पाण्याची पिशवी फुटली की तेही तसंच ओलं लागतं, त्यात बरेचदा ते सिनेमातल्यासारखं भसकन येत नाही, थोडं थोडं झिरपतं. लघवीला वास असतो आणि ती थांबते. पाणी साधारण बिनवासाचं, पांढुरकं किंवा अगदी फिकं, आणि ते थांबवून थांबत नाही, उठलं-बसलं की पुन्हा येतं. लघवी करून या, स्वच्छ कोरडा पॅड लावा आणि जरा वेळाने पाहा. पुन्हा भिजला तर दवाखाना. हिरवट किंवा काळपट पाणी आलं तर पाहत बसू नका, बाळाने आतच शी केलेली असते, लगेच निघा. "लघवीच गेली असन" म्हणून लाजेनं दोन दिवस घरी बसलेली बाई आली की आमच्या पोटात गोळा येतो, कारण पाणी गेल्यावर जंतू वर चढतात.

कळांमधे दर दोनेक तासांनी लघवीला जाऊन यायचं. भरलेली पिशवी बाळाचं डोकं अडवते. होत नसेल तर सिस्टर नळी घालून काढते.

उलटी, गॅस, थरथर, ओरडणं

गर्भपिशवीचं तोंड शेवटी शेवटी उघडताना उलटी होते, थंडी वाजल्यासारखं अंग थरथरतं, बाळ आल्यावर तर दात वाजतात. ताप असल्याशिवाय घाबरायचं काही नाही, पांघरूण घ्या. गॅस सुटतो, आवाज येतो, सगळ्यांचाच येतो. ओरडा, रडा, नवऱ्याला शिव्या द्या, लेबर रूममधल्या भिंतींनी इतकं ऐकलंय की तुमचं काही नवीन नसणार.

सिस्टरच रागावली तर?

रागावतात. खोटं कशाला बोलू, काही जणी टोचून बोलतात, "आधी नाही समजलं का" असले घाणेरडे शब्द मी स्वतः ऐकलेत, आणि कामाचा ताण हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही. केंद्र सरकारचा २०१७ पासून लक्ष्य नावाचा कार्यक्रम आहे, सरकारी लेबर रूम सुधारण्याचा, त्यात बाईशी मानाने वागणं, पडदा असणं आणि सोबत एक बाई असणं हे सगळं येतं. सोबतीला आई, बहीण, जाऊ, आशाताई, जिच्यासमोर तुम्हाला लाज वाटत नाही ती न्या. जिच्यासमोर वाटते ती नको, सासू असली तरी. हे घरी आधीच ठरवून ठेवा, टेबलावर भांडण नको. डॉक्टर पुरुष असले तर तपासताना बाई हजर हवी असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे, आणि पडदा ओढा म्हणायचाही.

सिझर केलं की हे टळतं ना?

हसू येतं, पण हा प्रश्न खरंच येतो. सिझरमधे लघवीची नळी आधीच घालतात, कमरेखाली सुन्न करतात, नंतर पिशवी खाटेला लटकते आणि भेटायला आलेले सगळे ती पाहतात. आणि मग डॉक्टर, सिस्टर, आया, सगळे येऊन एकच विचारतात, "गॅस पास झाला का?" आतडी पुन्हा चालू झाली याची ती खूण असते. त्या दिवशी बाई पादली की सगळं खानदान खूष होतं. लाज वाचवायला पोट फाडून घेण्यात काही अर्थ नाही, सिझर गरजेसाठी असतं.

टाके आहेत, आता संडासला कशी बसू

डिलिव्हरीपेक्षा या पहिल्या संडासची भीती जास्त असते. दोन-तीन दिवस नाही झाली तरी ठीक. टाके संडासने तुटत नाहीत, तो धागा आपोआप विरघळतो. बसताना स्वच्छ पॅड टाक्यांवर हलका दाबून धरा, कुंथू नका, नंतर कोमट पाण्याने पुढून मागं धुवा. काही घरांत बाळंतिणीला पाणी तोलून मापून देतात, भाजी बंद करतात, मग ती बिचारी दगडासारखी संडास करते आणि म्हणते टाके दुखतात. पाणी द्या तिला पोटभर, दूध त्यातूनच यायचंय.

नंतर जे थांबत नाही ते

टेबलावर जे होतं ते तिथंच संपतं. पण घरी गेल्यावर खोकलं की लघवी जाते हे दर तीन बायांमागे साधारण एकीला होतं. त्याला व्यायाम आहे, गॅस आणि लघवी रोखतो तसं खालचं अंग आत ओढून धरायचं, सोडायचं, आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, भाकरी थापताना पण होतो. गॅस किंवा संडास रोखता येत नसेल, कपड्याला डाग लागत असेल, तर मागच्या जागेचा गोल स्नायू फाटलेला असू शकतो. लघवी रात्रंदिवस आपोआप गळत असेल तर पिशवीला भोक पडलेलं असू शकतं, अडलेल्या बाळंतपणात असं होतं. यातल्या बहुतेक गोष्टींना ऑपरेशन किंवा उपचार आहे, मोठ्या दवाखान्यात. बाया मात्र सांगत नाहीत, वास येतो म्हणून कोपऱ्यात बसतात, लग्नाला जात नाहीत, नवऱ्याजवळ झोपत नाहीत.

किती सांगत नाहीत याचा हिशोब आपल्याच विदर्भात झालेला आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या बायांची तपासणी केली, १९८९ मधे ते लॅन्सेट या डॉक्टरी साप्ताहिकात छापून आलं. ९२ टक्के बायांना खालच्या अंगाचा काही ना काही आजार निघाला, आणि त्याआधी कधी तपासून घेतलेल्या फक्त ८ टक्के.

नवजात बाळाला घरी जाऊन पाहायची आशाताईंची पद्धतही गडचिरोलीतच तयार झाली आणि मग देशभर गेली. दवाखान्यात डिलिव्हरी झाली असेल तर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. बाळाचं वजन करते, ताप पाहते, दूध पितं का विचारते. तुमचं ती विचारेलच असं नाही, तिच्या फॉर्मवर बाळाचे रकाने जास्त आहेत. ती काटा पिशवीत भरायला लागली की सासूला चहा ठेवायला पाठवा आणि सांगून टाका, "ताई, मले संडास रोखता नाई येत." ती तुम्हाला घेऊन येईल आमच्याकडे.